कोर्सच्या टीममध्ये ‘मला नाही कळलं’ म्हणणारं कोणीतरी हवंच

"पीपीटी मेल केलीये, तेवढा कोर्स बनवून द्या." ऑनलाइन कोर्स बनवण्याच्या माझ्या कामात हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. आणि ते म्हणणारे शिक्षक कामचुकार असतात असं अजिबात नाही, उलट बहुतेक जण तो विषय वर्षानुवर्षं मन लावून शिकवत असतात. त्यांच्या डोक्यात अख्खा कोर्स तयार असतो, त्यामुळे त्यांना खरंच वाटतं की आता फक्त कॅमेरा लावायचा, चार प्रश्नांची क्विझ जोडायची आणि झालं. पण वर्गात खरं शिकवणं घडतं ते दोन स्लाइडच्या मधे. पोरांचे चेहरे बघून सर थांबतात, परत मागे जातात, फळ्यावर एखादी आकडेमोड करून दाखवतात, "काय रे, येतंय का लक्षात" असं विचारतात. ह्यातलं काहीच पीपीटीत नसतं, आणि ऑनलाइनमध्ये तर समोर चेहरेच नसतात. मग ते थांबणं, मागे जाणं, विचारणं हे सगळं रेकॉर्डिंगच्या आधीच कोणीतरी बसून ठरवावं लागतं. ते शिक्षकांना एकट्याने जमत नाही, आणि माझ्यासारख्या कंटेंट डेव्हलपरला तर एकटीला मुळीच जमत नाही.

मी पुण्यात हे काम करते. आधी कंपन्यांची ट्रेनिंगं बनवायचे, आता जास्त करून कॉलेजांचे आणि विद्यापीठांचे कोर्स. आमच्या भाषेत शिक्षक म्हणजे एसएमई, विषयाचा जाणकार, आणि मी आयडी, म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझायनर, शिकवायची मांडणी आखणारी. नावं काही का असेनात, हे दोघं किती वेळ एकत्र बसतात आणि कुठल्या टप्प्यावर बसतात ह्याच्यावर कोर्स तरतो नाहीतर बुडतो असं माझं पक्कं मत झालंय.

एक उदाहरण सविस्तर सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. माती परीक्षणावरचा मराठी कोर्स होता, कृषी पदविकेच्या मुलांसाठी आणि ज्यांची घरची शेती आहे अशा कोणासाठीही. सर एका कृषी महाविद्यालयातले, फार अनुभवी माणूस. त्यांचा आराखडा असा की पहिलं युनिट मातीची निर्मिती, खडक कसे झिजतात वगैरे, मग मातीचे घटक, मग सामू (म्हणजे पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, मग नत्र-स्फुरद-पालाश ही पिकाची मुख्य अन्नद्रव्यं, आणि सगळ्यात शेवटी माती परीक्षणाचा रिपोर्ट कसा वाचायचा. पुस्तकात असाच क्रम असतो, त्यात चूक काहीच नाही.

मी विचारलं, सर, कोर्स संपल्यावर ह्या मुलाला काय करता यायला हवं?

"मातीचं महत्त्व समजायला हवं."

"समजलं हे आपल्याला कशावरून कळेल?"

सर जरा थांबले, मग म्हणाले, "हे बघा मॅडम, त्याच्या हातात रिपोर्ट आला की तो त्याला वाचता आला पाहिजे आणि युरिया किती टाकायचा हे त्याने दुकानदाराला न विचारता ठरवलं पाहिजे."

हाच कोर्स आहे की! ह्या एका वाक्यावर आम्ही अख्खा आराखडा उलटा केला. पहिल्याच व्हिडिओत सर हातात रिपोर्ट घेऊन उभे राहतात आणि विचारतात की ह्यातला कुठला आकडा तुम्ही आधी बघाल. दुसरं युनिट मातीचा नमुना घेण्याचं, कारण नमुनाच चुकला तर पुढचा सगळा रिपोर्ट वाया. आणि खडकांची झीज गेली शेवटच्या युनिटमध्ये, ज्याला खोलात जायचंय त्याच्यासाठी. सरांना ते सुरुवातीला थोडं लागलं, साहजिक आहे, पण वाक्य त्यांचंच होतं ना.

आता नमुन्याचं युनिट. पीपीटीत एक ओळ होती: "शेतात नागमोडी चालत 10-15 ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घेऊन माती गोळा करावी." मी वाचलं आणि म्हटलं, सर मला हे कळलं नाही, व्ही आकाराचाच का, खुरप्याने वरची माती घेतली तर काय होईल? मग सरांनी टेबलावर हाताने करून दाखवलं. खड्डा साधारण 20 सेंटीमीटर खोल करायचा, त्यातून निघालेली माती टाकून द्यायची, आणि मग खड्ड्याच्या एका तिरक्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती तासून घ्यायची. म्हणजे मुळं जिथवर जातात तिथवरच्या प्रत्येक थराची माती सारख्या प्रमाणात येते. नुसतं वरचं खरवडलं तर वरच्याच थराची माती येणार, आणि खत-काडीकचरा सगळा तिथेच असतो.

निघालेली माती टाकून द्यायची! हे पीपीटीत कुठेच नव्हतं. ती ओळ वाचून कोणीही खड्डा खणेल आणि खणलेली मातीच पिशवीत भरेल ना. मग असंच विचारत विचारत बाकीचं बाहेर आलं. बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताचा ढीग जिथे होता तिथे, पाणी साचतं तिथे नमुना घ्यायचा नाही. सगळी माती स्वच्छ कापडावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्याचे परत चार, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. आणि जाता जाता सर म्हणाले की माती खताच्या रिकाम्या गोणीत भरायची नाही. मी म्हटलं, हे कुठे लिहिलंय? ते म्हणाले, हे काय लिहायचं, माहीत असतं की सगळ्यांना. पण शेतकऱ्याच्या घरात हाताला सगळ्यात आधी येते ती खताची रिकामी गोणीच, आणि तिच्यात चिकटलेलं खत नमुन्यात मिसळलं की प्रयोगशाळेतला आकडा चुकीचा येणार.

जो माणूस एखादी गोष्ट वीस वर्षं करतोय त्याला त्यातल्या कितीतरी पायऱ्या दिसेनाशा होतात, त्या हातात मुरलेल्या असतात. त्यामुळे टीममध्ये विषय न येणारं कोणीतरी लागतं आणि त्याने न संकोचता "मला नाही कळलं" म्हणायला लागतं. बऱ्याच नवीन डेव्हलपर मुलामुलींना ह्याची भीती वाटते, समोर पीएचडी झालेले सर बसलेत, आपण कसं विचारायचं, मग ते घरी जाऊन गुगल करतात आणि स्लाइड सुंदर करून पाठवून देतात. सुंदर स्लाइडमध्ये ती खताची गोणी राहूनच जाते.

आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात हीच गोष्ट पद्धत म्हणून बसवलेली आहे आणि मला ते फार आवडतं. प्रा. कण्णन मौदगल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प, सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठीसकट अनेक भारतीय भाषांत. तिथे आधी स्क्रिप्ट लिहितात, दोन रकान्यांत, एकीकडे पडद्यावर काय दिसणार आणि दुसरीकडे त्याच वेळी काय बोलणार. आणि रेकॉर्डिंगच्या आधी ती स्क्रिप्ट नवख्या माणसाला देतात, ज्याला ते सॉफ्टवेअर येत नाही अशाला, आणि तो नुसती स्क्रिप्ट वाचून ते करू शकतो का ते बघतात. तो अडला तर स्क्रिप्ट दुरुस्त करायची, त्याला दोष द्यायचा नाही. व्हिडिओ बनल्यावर बदल करणं महाग पडतं आणि दहा भाषांत डबिंग झाल्यावर तर विचारूच नका. कागदावर एक ओळ बदलायला काय लागतं?

आम्हीही मग सरांच्याच कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या एका मुलाला बसवलं स्क्रिप्ट घेऊन, आणि त्याने शेतात जाऊन तसंच्या तसं करून बघितलं.

ही सगळी एकत्र बसून कोर्स करायची कल्पना काही इंटरनेटबरोबर आलेली नाही बरं का. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी 1969 साली सुरू झालं तेव्हापासून तिथे कोर्स टीम असायची, विषयाचे प्राध्यापक, संपादक, शिक्षणतंत्राची माणसं आणि बीबीसीचे निर्माते एका टेबलाला, आणि एकाचा मसुदा बाकीचे फाडून काढायचे. आपल्याकडे 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. तिथेही शिक्षक समोर नाही हे धरूनच पुस्तकं लिहायला लागणार होती, आणि मुक्त विद्यापीठाची पुस्तकं ज्यांनी घरी बसून वाचलीत त्यांना माहितीये की त्यात मधे मधे थांबून "आता हे करून बघा" असं असतं.

मग 2003 मध्ये एनपीटेल आलं, इंजिनिअरिंगच्या मोफत ऑनलाइन कोर्सचा प्रकल्प, सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी मिळून. तिथे प्राध्यापकांची पूर्ण लेक्चरं बघायला मिळायला लागली आणि गावोगावच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना त्याचा प्रचंड फायदा झाला, माझ्या ओळखीतले कितीतरी जण त्याच्यावरच पास झालेत. 2017 ला स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आलं आणि त्यात प्रत्येक कोर्सला चार भाग ठरले: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चेची जागा आणि स्वतःला तपासायचे प्रश्न. ही चौकट मला मनापासून पटते. अडचण ती भरण्याच्या पद्धतीत होते, म्हणजे व्हिडिओ सर करणार, वाचनाचं साहित्य एखादी असिस्टंट प्रोफेसर जुन्या नोट्समधून काढणार, प्रश्न तिसराच कोणी करणार आणि चर्चेच्या जागेकडे कोर्स सुरू झाल्यावर बघू. चौघं एकमेकांशी बोललेलेच नसतात. मग व्हिडिओत सामू म्हणतात, पीडीएफमध्ये पीएच असतं, आणि क्विझमध्ये असा प्रश्न येतो जो कुठेच शिकवलेला नाही. आता तर यूजीसीच्या 2021 च्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरच्या कोर्समधून घेता येतात, म्हणजे मुलांच्या मार्कांचा प्रश्न आहे, हे वरवर करून कसं चालेल.

क्विझबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण शिक्षक आणि डेव्हलपर ह्यांची खरी जुगलबंदी तिथे होते आणि तिथेच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. पहिल्या मसुद्यात प्रश्न होता: "युरियामध्ये नत्राचे प्रमाण किती?" उत्तर 46 टक्के. ठीक आहे, पण हे पाठ करून येतं. मी सरांना म्हटलं, मुलं पेपरात ह्या भागात नेमकं काय चुकतात ते सांगा. सरांनी कपाटातून जुने तपासलेले पेपर काढले आणि पुढचा तास आम्ही नुसत्या चुका बघितल्या. एक चूक अशी की शिफारस हेक्टरी असते आणि मुलं ती एकराला धरतात. दुसरी अशी की 40 किलो नत्र म्हणजे 40 किलो युरिया असंच समजतात. झालं, प्रश्न तयार झाला: शिफारस हेक्टरी 100 किलो नत्राची आहे, तुमचं शेत एक एकर, सगळं नत्र युरियातून द्यायचं तर युरिया किती?

अडीच एकराचा एक हेक्टर धरला तर एकराला 40 किलो नत्र, भागिले 0.46, म्हणजे साधारण 87 किलो युरिया. पर्यायात आम्ही ठेवलं 40, 87, 100 आणि 217. ज्याने 40 निवडलं तो युरियातलं 46 टक्के विसरला. 217 निवडलं तो एकर-हेक्टर विसरला. 100 वाला दोन्ही विसरला. प्रत्येक चुकीच्या उत्तराला वेगळा फीडबॅक, आणि नुसतं "चूक, पुन्हा प्रयत्न करा" नाही तर "तुम्ही हेक्टरचा आकडा एकराला वापरलात, असं केलंत तर शेतात अडीचपट युरिया पडेल". हा प्रश्न मी एकटीने जन्मात केला नसता कारण मुलं काय चुकतात ते मला माहीत नाही, आणि सरांनी एकट्याने केला नसता कारण पेपर तपासताना चूक दिसली की मार्क कापायचे एवढीच सवय असते, त्या चुकीचा पर्याय बनवायचा हे डोक्यात येत नाही.

व्हिडिओच्या लांबीवरून मात्र दर वेळी वाद होतो. फिलिप गुओ हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एडएक्स ह्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरची 69 लाख वेळा व्हिडिओ बघितल्याची नोंद तपासली होती, त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी साधारण सहा मिनिटांच्या पुढे बघणं टिकत नाही. तेव्हापासून "सहा मिनिटं" हा जणू कायदाच झालाय. मी शिक्षकांना हे सांगते तेव्हा सोबत हेही सांगते की तिथे लोक किती वेळ बघतात ते मोजलं होतं, किती शिकतात ते नाही. त्यामुळे घड्याळ लावून कापू नका, एक मुद्दा संपला की कापा, तो चार मिनिटांत संपो की नऊ. त्याच अभ्यासात असंही होतं की नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत समजावलेलं लोक जास्त बघतात, आणि हे शिक्षकांना लगेच पटतं कारण फळा-खडू त्यांचा जुना दोस्त.

आणि कापण्यापेक्षाही थांबणं महत्त्वाचं. आयआयटी बॉम्बेच्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर ह्या मंडळींनी ऑनलाइन कोर्ससाठी जे मॉडेल केलंय त्यात व्हिडिओच्या मधेच विचार करायची जागा असते, शिक्षक प्रश्न टाकतात, व्हिडिओ थांबवून लिहा म्हणतात आणि मग पुढे त्या उत्तरांवर बोलतात. साधी गोष्ट आहे. पण ती स्क्रिप्टमध्ये आधीच लिहावी लागते, नंतर एडिटिंगमध्ये घुसवता येत नाही, कारण सरांनी त्या जागी थांबून, वाट बघून, पुढचं वाक्य तसं बोललेलं असावं लागतं.

बोलण्यावरून आठवलं. मी स्क्रिप्ट कोऱ्या कागदावरून लिहीत नाही. सरांशी झालेलं बोलणं त्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड करते आणि त्यांच्याच वाक्यांतून स्क्रिप्ट काढते. नाहीतर होतं काय की टेलिप्रॉम्प्टरसमोर उभं राहिलं की उत्तम बोलणारा माणूस सुद्धा "सदर नमुना संकलित करण्यात यावा" असं बोलायला लागतो. शेतकऱ्याच्या पोराशी कोण असं बोलतं?

अंतिम शब्द कोणाचा, हाही प्रश्न येतोच. माझं उत्तर साधं आहे. विषयात बरोबर काय, चूक काय हे शिक्षक ठरवणार, त्यात मी एक अक्षर बदलणार नाही. शिकणाऱ्याला कळेल की नाही ह्यावर मी भांडणार. आणि दोघांचं जमलंच नाही तर एखाद्या विद्यार्थ्याला दाखवायचं, तो सांगेल. शिक्षकांची नजर किती गरजेची असते ह्याचं एक सांगते. आमच्या अ‍ॅनिमेटरने नमुन्याच्या प्रसंगाचं फार सुरेख चित्र काढलं होतं, हिरवंगार शेत, बांध, बांधावर आंब्याचं झाड आणि झाडाच्या सावलीत खड्डा खणणारा शेतकरी. मला काहीच खटकलं नाही. सरांनी स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक दृश्याचा कागदावरचा कच्चा आराखडा, बघितला आणि लगेच बोट ठेवलं, बांधाजवळ आणि झाडाखाली, जिथे नमुना घ्यायचाच नाही नेमकं तिथेच! ते स्टोरीबोर्डच्या पानावर सापडलं म्हणून पेन्सिलने हलवलं, अ‍ॅनिमेशन पूर्ण झाल्यावर सापडलं असतं तर आठवड्याचं काम गेलं असतं. म्हणून स्टोरीबोर्ड न बघता "तुम्ही करा, मी शेवटी बघतो" म्हणणाऱ्या शिक्षकांना मी अगदी हात जोडून सांगते की नका असं करू.

पण शिक्षकांकडे वेळच नसतो हेही खरं आहे. पेपर तपासणी, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, प्रॅक्टिकल, ऐन हंगामात शेतकरी मेळावे. कोर्स बनवणं बहुतेक ठिकाणी त्यांच्या वर्कलोडमध्ये धरलंच जात नाही, ते रात्री जेवण झाल्यावर स्टोरीबोर्ड बघतात. एक चांगलं युनिट उभं राहायला शिक्षकाचे किती तास जातात हे जोवर कॉलेज मोजत नाही आणि तेवढी लेक्चरं कमी करत नाही तोवर पीपीटी मेल होतच राहणार, त्यात मी त्यांना दोष देत नाही. आणि तसंच डेव्हलपर, एडिटर, अ‍ॅनिमेटर ह्यांची नावं कोर्सच्या पानावर यायला हवीत. नाव असलं की माणूस त्या कामाची जबाबदारी वर्षभर घेतो, फाइल देऊन मोकळा होत नाही.

कारण कोर्स सुरू झाल्यावर काम संपत नाही ना. युरियाची गोणी पूर्वी 50 किलोची होती, 2018 पासून 45 किलोची झाली. असला आकडा व्हिडिओत बोलला की तो व्हिडिओ एक दिवस खोटा होतो. त्यामुळे आम्ही ठरवलं की बदलू शकणारं सगळं, गोणीचं वजन, भाव, सरकारी योजना, हे फक्त लिखित भागात ठेवायचं, जिथे सर स्वतः एलएमएसमध्ये, म्हणजे कोर्स ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन पाच मिनिटांत बदलू शकतात, आणि व्हिडिओत फक्त पद्धत.

कोर्स चालू असताना चर्चेत एकाने विचारलं होतं की माझी डाळिंबाची बाग आहे, मी पण नमुना 20 सेंटीमीटरवरूनच घेऊ का. फार बरोबर प्रश्न. फळबागेला तसं चालत नाही, मुळं खोल जातात, तिथे 30, 60, 90 सेंटीमीटर असे थराथराचे वेगळे नमुने घ्यावे लागतात. सरांनी त्याला तिथेच व्यवस्थित उत्तर लिहिलं आणि मला फोन केला, "मॅडम, हे आपल्या कोर्समध्ये नाहीये." मग आम्ही फळबागेचं वेगळं छोटं युनिट घ्यायचं ठरवलं. स्क्रिप्टचा पहिला मसुदा झालाय, सर ह्या वेळी स्वतःहून म्हणाले की आधी एखाद्या बागायतदाराला वाचायला देऊ, तो कुठे अडतो बघू आणि मगच शूटिंगची तारीख ठरवू.